सुमीच्या जागी

नाताळच्या करंज्या तळल्याचा वास आला की मी अजून उठून घराबाहेर जाते.

सांगलीजवळच्या अनाथाश्रमात मी दहा वर्षांची होते. नाताळला चर्चमधली कुटुंबं एकेका मुलीला दिवसभरासाठी घरी जेवायला न्यायची. त्या वर्षी कवठे महांकाळचं एक मूलबाळ नसलेलं जोडपं आलं.

"रविवारी चर्चात पडद्याआडनं गाणारी पोर कंची गं?" बाईंनी विचारलं.

ती सुमी, माझी मैत्रीण. आत तापानं फणफणलेली. मी म्हणाले, "मीच."

त्यांच्या चुलीपाशी हातात गरम करंजी धरून मी बसले होते. आता गायला सांगतील, खोटं उघडं पडेल, परत नेऊन सोडतील. आणि बाई म्हणाल्याच, "गा की एक." मी रडायलाच लागले.

"आवं, भ्यालीया पोर," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि मला पोटाशी धरलं. "न्हाई गायलीस तरी चालंल. ऱ्हाशील का आमच्याकडं?"

मी राहिले; आश्रमात परत गेलेच नाही. पुढे कितीतरी वर्षं चर्चमध्ये नुसते ओठ हलवत उभी राहायची. त्या दोघांना, माझ्या आई-अण्णांना, शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी हाकललं नसतं, हे आता कळतं.

सुमीला मात्र निघताना म्हणाले होते, "संध्याकाळी येते गं."