झाकण मी उघडलं होतं

आमच्या परसातल्या पेटीतली चिमणीची तिन्ही पिल्लं माझ्यामुळे मेली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. घरात सगळे समजतात की ती वहिनीमुळे मेली. मी त्यांना तसं समजू दिलं.

भिवंडीजवळ अंजूर गावातलं आमचं कौलारू घर पाडून आम्ही स्लॅबचं बांधलं. शेताच्या जागी गोदाम आलं होतं, त्याच्या भाड्यावर हे घर उभं राहिलं. पूर्वी कौलांखाली चिमण्या असायच्या. स्लॅबला फट कुठली? आई दारात बसून म्हणायची, "घर मोठं झालं, पन चिमनी न्हाय ऱ्हायली."

मी भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या कापडाच्या कारखान्यात लूमवर फिटर आहे. शुक्रवारी लूम बंद असतात. अशाच एका शुक्रवारी, थंडीच्या दिवसांत, गोदामाबाहेर टाकलेल्या खोक्यांच्या फळ्या आणल्या आणि चिमणीसाठी पेटी करायला बसलो. रंधा मारला, पुढच्या फळीला सव्वा इंचाचं भोक पाडलं, वर उतरतं झाकण बसवलं. आतली घाण काढता यावी म्हणून झाकणाला बिजागरी लावली.

थोरला भाऊ बाजूला चहा पीत उभा होता. म्हणाला, "काय रं, चिमनीला पन गाळा काढलास? डिपॉझिट किती घेनार?"

वहिनी आतून ओरडली, "भावजी, पाण्याचं कनेक्शन आहे का ते विचारेल हो ती आधी!"

आईसुद्धा हसली. त्या दोघी एकाच गोष्टीला हसल्या, असं क्वचित व्हायचं.

आमच्याकडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल लावतात. खांबाला, चौकटीला, सगळ्याला. लूमचं निघालेलं काळं ऑइल कारखान्यात डब्यांनी पडलेलं असतं. मी थोडं घरी आणलं. पेटीला बाहेरून लावलं, आणि उरलं म्हणून आतूनही दोन हात मारले. लाकडाने ते पिऊन घेतलं. चार दिवसांनी आत बोट फिरवून पाहिलं, कोरडं लागलं. मग पेटी कंपाउंडच्या भिंतीला ठोकली. तिथे दुपारभर ऊन असतं, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मार्चमध्ये जोडी आली. वहिनी रोज सकाळी भिंतीवर तांदळाची कणी टाकायला लागली. तिच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आई बोलायची.

पिल्लांचा आवाज यायला लागल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, एकदाच बघू द्या ना. हात नाही लावणार."

मीच झाकण उचललं. ती स्टुलावर चढून, तोंडावर पदर धरून आत बघत राहिली. "केवढी तोंडं उघडतात हो," एवढंच बोलली. मी झाकण लावलं आणि नळावर हात धुवायला गेलो. तेवढ्यात आई बाहेर आली. तिला वहिनी एकटीच स्टुलावरून उतरताना दिसली.

त्या आठवड्यात ऊन फार तापलं. एका सकाळी ड्युटीला निघताना पेटीतून आवाज आला नाही. मी झाकण उचलून पाहिलं. फळ्यांमधून ऑइल पाझरलं होतं. घरट्याचं गवत खालून काळं, ओलं झालं होतं आणि पिल्लांची पोटं त्यात चिकटली होती. मला लगेच कळलं. मी झाकण लावलं, रुमालाला हात पुसले आणि रिक्षा पकडली. दिवसभर लूम दुरुस्त केले. दुपारी डबा खाल्ला. तो पूर्ण खाल्ला, हेही आठवतं.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा भावाने पेटी खाली काढलेली होती. मुंग्यांची रांग लागली म्हणून त्याने आत बघितलं होतं. आतलं काळं त्याला सडल्याचं वाटलं. माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लं टाकते, असं आमच्याकडे पक्कं मानतात. आईने निकाल आधीच लावला होता.

"मी बगितलं ना तुला स्टुलावर. हात लावलास, म्हनून टाकली तिनं पोरं."

"आई, हात नाही लावला मी."

"तुला काय म्हाईत पोरांची माया?"

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊ खाली बघत होता. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी सोडत होतो, ती सोडतच राहिलो. झाकण मी उघडलं होतं, हे ती सांगू शकली असती. तिने माझं नाव घेतलं नाही. मी आपणहून बोलेन याची ती वाट बघत असावी. मग ती आत गेली.

पुन्हा ती परसात आली नाही. दिवाळीआधी ती दोघं भिवंडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. भावाला ड्युटी जवळ पडते, असं सांगितलं गेलं. पुढे आई अंथरुणाला खिळली, तेव्हा वहिनी रोज रिक्षाने यायची. आईला पुसायची, कपडे बदलायची, पेज भरवायची. शेवटी आई दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नव्हती. त्या चार महिन्यांत मला कितीदा सांगता आलं असतं. आईने तिला दोन बरे शब्द बोलूनही दाखवले असते कदाचित. मी औषधं आणत राहिलो. आई गेली.

सणाला त्यांच्या फ्लॅटवर जातो तेव्हा वहिनी विचारते, "भावजी, चहा टाकू ना?" मी हो म्हणतो. तिच्यासमोर बसून चहा पितो. त्या वेळी आत काही हलत नाही. लाज वाटायला हवी, तीही नीट वाटत नाही. फक्त माहीत असतं.

आईसमोर बोलायचं राहिलं ते राहिलंच. भाऊ आहे, माझी बायको आहे. वहिनीवर आळ आला तेव्हा ती दोघं तिथे होती. त्या दोघांसमोर, वहिनीच्या देखत, तिचा काही दोष नव्हता हे मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.