रिकामा फ्रिज

मुलीच्या औषधाच्या दुकानासाठी काय काय लागतं ते मी ओळीनं लिहून काढलं होतं. जागेचा नकाशा, भाडेकरार, तिची पदविका. ती शिकली नांदेडला, त्यामुळे फार्मासिस्टची नोंदणीही तिकडचीच. ती हैदराबादला बदलून आणण्यात अख्खा उन्हाळा गेला. आता फक्त तपासणी उरली होती. मुलीनं हॉस्पिटलची नोकरी सोडलेली, आणि दिलसुखनगरच्या गाळ्याच्या मालकानं बजावलेलं, की दसऱ्यापर्यंत परवाना मिळाला नाही, तर गाळा मोबाईलवाल्याला.

तपासणीच्या वेळी दुकानात फ्रिज चालू हवा. पण परवाना नसताना कुणी घाऊक व्यापारी औषधं देत नाही. म्हणजे फ्रिज चालू आणि आत काही नाही. हा नियम मी मान्य केला. सासूबाईंनी केला नाही.

इन्स्पेक्टर मॅडम न कळवता आल्या. जागा मोजली, कागद पाहिले, मान डोलावली आणि फ्रिज उघडला. आत दह्याचं पातेलं, अंबाडीच्या दोन जुड्या आणि झाकण लावलेलं इडलीचं पीठ.

"अम्मा, ये क्या है?"

"दही है," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या. "तुम दवाई लाने नहीं देते, तो खाली फ्रिज काइकू चलाना?"

"ये दवाई का फ्रिज है, अम्मा. घर का नक्को."

"तो लायसन देव ना! आजच काढते दही."

मॅडमना हसू आलं, तरी शेरा त्यांनी लिहिलाच. पुन्हा येऊ म्हणाल्या. कधी, ते नाही. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी पातेलं उचललं आणि सासूबाईंना शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, "आई, यात आता काहीही ठेवायचं नाही."

त्यांनी ऐकलं. अगदी शब्दशः ऐकलं. दसरा तोंडावर आला तेव्हा एका सकाळी मी दुकान उघडलं, तर फ्रिजचं बटण बंद.

"रिकामाच आहे ना? मग उगाच कशाला जाळायचा?"

मी बटण दाबलं आणि तासाभरात मॅडम दारात. आतल्या थर्मामीटरचा पारा पुरेसा खाली उतरला असेल की नाही, देव जाणे. मुलगी मात्र वेळ काढत होती. आधी नोंदणीचा कागद, मग नकाशा, मग पुन्हा नोंदणीचा कागद. शेवटी मॅडमनी फ्रिज उघडला, थर्मामीटर डोळ्यांजवळ धरला आणि सही केली.

दसऱ्याच्या आधी परवाना भिंतीवर लागला. मालक येऊन वाचून गेला. पहिलं इन्सुलिन आलं तेव्हा सासूबाईंनी स्वतः डोकावून बघितलं.

"अजून निम्मा रिकामा आहे," त्या म्हणाल्या.

मुलीनं त्याच संध्याकाळी फ्रिजला कुलूप बसवून घेतलं. किल्ली ती मलासुद्धा देत नाही.