फाट्यावर न थांबलेली गाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. प्रतिभाला तर नाहीच — आणि खरं म्हणजे ते तिलाच सांगायला हवं होतं. मग तुम्हाला का सांगतेय? खाई त्याला खवखवे म्हणतात. बारा वर्षं झाली, खवखव काही जात नाही.

आधी प्रतिभाबद्दल सांगते. आज मी यवतमाळात एकटी फिरते, ऑफिसात वेळेवर पोचते, ते तिच्यामुळे. मी बाभुळगावची. कॉलेज संपेपर्यंत यवतमाळ मला फक्त बसस्टँडपुरतं माहीत होतं. रस्ता ओलांडायचा म्हटलं की मी कुणाच्या तरी मागोमाग जायची. स्पर्धा परीक्षेसाठी आम्ही दोघी तिथल्या अभ्यासिकेत जायला लागलो आणि तिनं मला हाताला धरून शहर शिकवलं. ऑटो कुठं जाणार ते बसायच्या आधी विचारायचं, बसल्यावर नाही. ‘निघालोच’ म्हणाला तरी आत चार माणसं दिसल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. दत्त चौकात ऑटो बदलायचा तर आधी चौक ओलांडायचा, पलीकडं जागा मिळते. ओढणी चाकाकडं सोडायची नाही. एकदा मी ‘थांबा’ म्हणायला लाजले आणि ऑटोबरोबर शेवटपर्यंत जाऊन परत आले. ती पोट धरधरून हसली. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडूनच मोठ्यानं म्हणवून घेतलं — थांबा!

किती साधं वाटतं ना हे? मला ते कुणीच शिकवलं नव्हतं.

प्रतिभा बाभुळगावच्या पुढच्या एका फाट्यावर चढायची. तिचं गाव तिथून आत, वीस मिनिटं पायी. फाट्यावर गाडीचा थांबा नव्हता, पण आम्हा अपडाऊनवाल्यांचा आपला एक रिवाज होता. आतल्या कुणीतरी कंडक्टरला सांगायचं की पोरगी येतेय, म्हणजे गाडी थांबायची, दोन मिनिटं वाटसुद्धा बघायची. तिच्यासाठी सांगायचं काम माझं. आणि परतीच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरायचं काम तिचं. दोन वर्षं यात खाडा झाला नाही.

मग ती परीक्षा आली. जागा थोड्या, आणि सराव पेपरात प्रतिभा दरवेळी माझ्या पुढं. मला तिचा हेवा वाटायचा का? वाटायचा. तिच्या डब्यातली भाजी खातानाही वाटायचा.

परीक्षेच्या सकाळी गाडी फाट्याजवळ आली. फाट्यावर कुणी नव्हतं. कंडक्टरकाका तिकिटं काढत काढत माझ्याजवळ आले आणि नेहमीसारखं विचारलं, “काय वं पोरी, तुही मैत्रीण येऊन राह्यली काय?”

मी म्हणाले, “नाही काका. थे कालच गेली यवतमाळले.”

एवढंच. काकांनी डबल बेल दिली. माझ्या शब्दावर — दोन वर्षं ज्या शब्दावर गाडी थांबत होती, त्याच शब्दावर ती निघून गेली.

केंद्र आर्णी रोडवरच्या एका शाळेत होतं. स्टँडवरून दत्त चौक, चौक ओलांडून दुसरा ऑटो. तिनं शिकवलेलं सगळं मी त्या दिवशी बिनचूक केलं. उतरताना ‘थांबा’ही खणखणीत म्हटलं. माझ्या बाकावरून शाळेचं फाटक दिसत होतं. ते बंद झालं, आणि जरा वेळानं बाहेर एक ऑटो येऊन उभा राहिला. प्रतिभा उतरली. ती शिपायाला हात जोडत होती. मी किती वेळ बघितलं? फार नाही. मला पेपर सोडवायचा होता.

दुपारी स्टँडवर आले तर बाभुळगावची गाडी लागलेली, दारात ही झुंबड. आज उभ्यानंच जायचं, असं धरून चालले होते. तेवढ्यात खिडकीतून हाक आली. प्रतिभा होती. डोळे सुजलेले. शेजारच्या सीटवर तिचा रुमाल.

“बस,” ती म्हणाली. “पेपर कसा गेला?”

मी बसले. ती सांगत राहिली — काळी-पिवळी जीप भरेपर्यंत निघालीच नाही, मग दत्त चौकात ऑटो अडकला. मग म्हणाली, “मी दुरून हात दाखोलता. तुले दिसली नाही काय?”

“नाही,” मी म्हणाले.

“जाऊ दे. तुरी लय उंच झाल्या आता. नसन दिसलं.”

निवड यादीत शेवटचं नाव माझं होतं. प्रतिभा माझ्याहून वयानं मोठी, तिची वयोमर्यादा त्याच वर्षी संपली. तिच्या वाट्याची नोकरी मी आजतागायत करते आहे, त्या पगारावर माझं घर चाललंय, माझी मुलगी शिकतेय. आणि प्रतिभा? ती यवतमाळात स्वतःची ई-रिक्षा चालवते. मी अजून अपडाऊन करते. माझी गाडी यायच्या वेळेला ती स्टँडबाहेर उभी असते. पॅसेंजर कुरकुरले तरी हलत नाही. माझी बाई येऊन राह्यली, म्हणते. मागच्या सीटवर रुमाल टाकलेला असतो. तिच्या पाठीमागं बसून, दत्त चौकातल्या त्या गोंधळातून सुखरूप जाताना, रोज माझं मन तिच्या उपकारानं भरून येतं. खोटं नाही सांगत. एवढं प्रेम मला कुणी दिलेलं नाही.

तुरी उंच होत्या, हे खरं आहे. पण त्या सकाळी मी खिडकीशी बसले होते. तुरीवरून तिची पिवळी ओढणी येताना मला दिसली होती. आणि वर केलेला हातही.