आमच्या कॉलेजातले अर्धवेळ

आम्ही जुने स्टाफवाले चौघे जण कुठे एकत्र बसलो, की चहा येईपर्यंत दोन किस्से होऊन जातात. चहा आल्यावर तेच दोन किस्से दुसरा कुणीतरी दुरुस्त करून सांगतो, म्हणजे चार झाले! असं करत करत इतके साठलेत, की माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही लोक तिथे शिकवत कधी होतात?" प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे उत्तर नाही, किस्से आहेत.

साठ सालानंतरची ही गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायचा होता, आम्ही रत्नागिरीतच मोडत होतो. मालवणच्या बाजूला एका खाडीकाठच्या गावात नवं कॉलेज निघालं. इमारत म्हणजे काजूची बंद पडलेली फॅक्टरी. ऊन तापलं की भिंतींतून भाजक्या काजूचा वास सुटायचा आणि तिसऱ्या तासाला अख्ख्या वर्गाला भूक लागायची.

कॉलेज काढलं ते प्राचार्य नेरूरकर सरांनी. मुलं मिळाली, बाकं मिळाली, घंटा मिळाली. प्राध्यापक मिळेनात! घाटावरून कुणी यायला तयार नव्हतं आणि आलेला टिकत नव्हता. मग सरांनी गावातलीच शिकलेली माणसं धरून आणली आणि त्यांना 'अर्धवेळ' नेमलं. विद्यापीठाने तीन वर्षं चालवून घेतलं, पण अट घातली: तिसऱ्या वर्षी समिती येईल आणि ह्या अर्धवेळ जागा ठेवायच्या की बंद करायच्या, ते ठरवील. इंग्रजीला तर एकटे फर्नांडिस सर. त्यांची जागा गेली की इंग्रजी गेलं आणि इंग्रजी गेलं की कॉलेजला कुलूप. हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे गावातल्या कोळणींनासुद्धा!

*

मी आलो बार्शीहून, अर्थशास्त्र शिकवायला. पूर्णवेळ, पण तात्पुरता. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत माझा होल्डॉल पिळून काढण्यासारखा झाला होता आणि मीही. पहिल्या आठवड्यात जेवणात मासे, अंथरुणात ओल आणि वर्गात कुणी काय बोललं ते कळत नाही! आठव्या दिवशी मी ठरवलं, बस झालं. होल्डॉल बांधला आणि गुपचूप एस्टी स्टँडवर गेलो.

"एक कोल्हापूर द्या."

खिडकीतल्या क्लार्कने चष्मा वर केला. "सर, तुम्ही नवे प्रोफेसर मां?"

"हो."

"मगे कोल्हापूरचा तिकीट गावाचा नाय."

"म्हणजे? गाडी फुल्ल आहे?"

"गाडी रिकामी आसा. पण प्रोफेसरांका घाटावरचा तिकीट प्रिन्सिपल सरांच्या चिठयेशिवाय देवचा नाय, असां ठरलाहा. आदीचे दोन ह्याच खिडकीतसून पळाले!"

मी आवाज चढवला. वरिष्ठांकडे तक्रार करीन म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "कणकवलीपर्यंत देतंय. थंय जावन चाय पिया नि परत येवा. मन शांत होता."

मी खरंच कणकवलीला जाऊन चहा पिऊन परत आलो.

*

ही बातमी माझ्याआधी कॉलेजात पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई बाबल हातात नारळ घेऊन दारात उभा. "सर, जरा मागल्या आवाराक चला. गाऱ्हाणां घालूचा आसा."

आता इकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवासमोर नारळ ठेवून एकाने मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा!' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. फॅक्टरीच्या मागे एक शेंदूर फासलेला दगड होता. तिथे प्राचार्यांपासून सगळा स्टाफ रांगेत उभा! बाबलने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो बार्शीचो मास्तर तुज्या पायाकडे इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेचा मन हंय रमान जावंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका माशे गोड लागांदेत..."

"व्हय म्हाराजा!"

मध्येच तेरसे वकील कुजबुजले, "अरे, देवाक विषय सांग, विषय! नायतर देव दुसऱ्याच कोणाक थांबवीत."

"अर्थशास्त्राचो मास्तर, म्हाराजा! तेच्या डोक्यात परत पळाचा इला, तर तेची कणकवलीत गाडी चुकांदे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं, म्हणाल तर मी. का, ते आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून मी होल्डॉल बांधला नाही.

*

तेरसे वकिलांचं नाव आलंच आहे तर सांगतो. आबा तेरसे, तालुका कोर्टातले वकील. कॉलेजात अर्धवेळ तर्कशास्त्र शिकवायचे. काळा कोट घालूनच वर्गात यायचे, कारण साडेअकराला कोर्ट. हजेरी स्वतः घेत नसत. बाबलला दारात उभा करत आणि तो व्हरांड्यातून पुकारा करी, "दत्ताराम गोविंद परब, हाजीर हो!" तीनदा. बाहेर काजूच्या झाडाखाली गप्पा मारणारी पोरं आपलं नाव असं जाहीर पुकारलेलं ऐकून धावत सुटायची. अख्ख्या कॉलेजात सर्वांत जास्त हजेरी तर्कशास्त्राला असायची!

पहिल्या वार्षिक परीक्षेचे पेपर आबांनी तपासले. एका पेपरावर त्यांनी लाल शाईने लिहिलं: 'संशयाचा फायदा देऊन उत्तीर्ण.'

तो पेपर नेमका फेरतपासणीला गेला आणि विद्यापीठाचं खुलासा मागणारं पत्र आलं. नेरूरकर सर घाबरेघुबरे होऊन आबांकडे आले.

"आबा, हे काय लिहिलंत?"

"बरोबर लिवलंय. उत्तर चुकीचा आसा, ह्यां शाबीत खंय झाला?"

"अहो, ते शाबीत तुम्हीच करायचं! तुम्ही परीक्षक!"

"मी न्यायाधीश. मीच फिर्यादी होवन कसा चालात?" आबा कोट झटकत उठले. "विद्यापीठाक पटत नसात तर अपिलात जावंदेत!"

*

आमच्या स्टाफरूममध्ये पाच खुर्च्या होत्या आणि भिंतीला लागून एक बाक. खुर्च्या पूर्णवेळांच्या, बाक अर्धवेळांचं. असा नियम कुणी केला नव्हता, तो प्रा. सामंतांनी केला होता. सामंत माझ्याआधी तीन महिने लागलेले, त्यामुळे सीनियर. त्यांनी पाचही खुर्च्यांच्या पाठीवर 'पूर्णवेळ' अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या. एक खुर्ची तर वर्षभर रिकामीच होती, कारण तिच्यावर बसायचा प्राध्यापक अजून मिळालेला नव्हता!

मला ह्याची चीड यायची. फर्नांडिस सर साठीच्या पुढचे. कराचीच्या शाळेत पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. फाळणीनंतर गावी आले, पुढे बायको गेली, मुलगी लग्न होऊन गोव्याला. खाडीपलीकडच्या घरात एकटे राहायचे. पांढरी शुभ्र पँट, हातात हॅट. असा माणूस भिंतीला टेकून बाकावर बसायचा आणि समोर रिकामी खुर्ची!

एकदा मला राहवलं नाही. मी सामंतांच्या देखत म्हणालो, "सर, तुम्ही खुर्चीवर बसा. आम्हाला लाज वाटते."

फर्नांडिस सर हसले. "नाय रे. बाकार बसलो की नीज येना नाय. खुर्चेर बसलो की येता. म्हणान खुर्ची तुमका दिल्यानी!"

दुसऱ्या दिवशी पाहतो तर चारच खुर्च्यांवर चिठ्ठ्या. पाचवीवरची कुणी काढली, ते आम्ही सामंतांना कधी विचारलं नाही.

*

फर्नांडिस सरांच्या तासाची वेळ टाइमटेबलवर लिहिलेली नसे. तिथे नुसतं 'भरतीप्रमाणे' असं असायचं. खाडीत पाणी असलं की तरीने पलीकडून यायला दहा मिनिटं, ओहोटी लागली की होडी चिखलात. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून इंग्रजीही रोज पाऊण तासाने पुढे सरकायचं. त्यामुळे बाकी सगळ्यांचे तास इकडेतिकडे हलायचे. नोटीसबोर्डावर बाबल रोज सकाळी टाइमटेबलशेजारी भरतीची वेळ खडूने लिहायचा. मी बार्शीच्या मित्राला हे पत्रात कळवलं, तर त्याने उलट विचारलं, 'तब्येत बरी आहे ना?'

एकदा परीक्षेला आठ दिवस उरलेले. सरांना घरून निघायला उशीर झाला आणि होडी ह्या काठापासून वीसेक हातांवर रुतली. पुढे येईना, मागे जाईना. मुलांनी धक्क्यावर उभं राहून थोडा वेळ वाट पाहिली. सर होडीत उभे राहिले, हॅट काढली आणि पुस्तक उघडलं. "सिट डाऊन!"

मुलं धक्क्यावर बसली. सरांनी खणखणीत आवाजात कविता शिकवली. पाठीमागे बगळे, खाली चिखल आणि बाजूला होडीवाला पांडू वल्ह्यावर हनुवटी टेकून बसलेला. मीही माझा तास सोडून ऐकत उभा राहिलो. खरं सांगतो, मी तेव्हा दोन वर्षं शिकवत होतो, पण शिकवणं म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं.

कविता संपली. सरांनी तिथूनच हजेरी घेतली आणि रजिस्टर मिटलं. तोपर्यंत गप्प बसलेला पांडू उभा राहिला.

"सर, माजां नाव पण हजेरेत घाला! तीन वर्सां आयकतंय मी!"

*

आणि मग समिती आली.

त्याआधीचा महिना वाईट गेला. आबा तेरशांना कोर्ट होतं, त्यांची जागा गेली तरी त्यांचं अडणार नव्हतं. पण फर्नांडिस सर एकदा बाकावर बसून मला म्हणाले, "ह्यो वर्ग गेलो तर मी घराच्या वणतींका शिकवू काय?" वणती म्हणजे भिंती. हसत म्हणाले, पण पुढे बराच वेळ हॅटची कड फिरवत राहिले. ह्या माणसावर माझा फार जीव होता.

नेरूरकर सरांनी तर त्या वर्षी मुंबईच धरली होती. समितीला दाखवायला दोन तरी नवे पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, म्हणून महिन्यातले पंधरा-वीस दिवस तिकडे हिंडायचे. गिरगावात एम.ए. झालेला कोकणातला पोरगा आहे असं कळलं, की हे त्याच्या दारात हजर. इतिहास ते स्वतः शिकवायचे. मुंबईहून आले की शिकवायचे, गेले की पुस्तकं मिटायची.

समितीचे अध्यक्ष म्हणजे उंच, कडक इस्त्रीचे गृहस्थ. त्यांनी कागद पाहिले, कपाटं पाहिली, नोटीसबोर्डावरचं 'भरतीप्रमाणे' बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मला मुलांशी बोलायचं आहे. शिक्षकांनी बाहेर थांबावं." नेरूरकर सर यजमान म्हणून तेवढे आत राहिले. मी आणि सामंत खिडकीला कान लावून व्हरांड्यात. फर्नांडिस सर लांब विहिरीपाशी आमच्याकडे पाठ करून उभे.

त्यानंतर फर्नांडिस सरांनी त्या वर्गात आणखी नऊ वर्षं शिकवलं, ते पुढच्या पाच मिनिटांमुळे.

"मुलांनो," अध्यक्ष म्हणाले, "घाबरू नका. तुमच्या कॉलेजात काही शिक्षक अर्धवेळ आहेत. अशा जागा ठेवाव्यात की काढाव्यात, ते आम्हाला ठरवायचं आहे. फर्नांडिस सर अर्धवेळ आहेत. त्यांच्यामुळे तुमचं काही नुकसान होतं का?"

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. मग शेवंती उभी राहिली. पहिल्या बाकावरची, पाठांतरात पक्की. साहेबांसमोर ती अगदी पुस्तकी मराठीत बोलली.

"सर, आपली काहीतरी चूक होत आहे. फर्नांडिस सर पूर्णवेळ आहेत. ते बाजारात भेटले तरी स्पेलिंग विचारतात. रविवारी चर्चमधून बाहेर पडले की पायरीवर बसून आमचे निबंध तपासतात."

"बरं. आणि तेरसे वकील?"

"तेही पूर्णवेळ, सर. बाबांच्या खटल्याला मी कोर्टात गेले होते, तर मधल्या सुट्टीत त्यांनी माझी उजळणी घेतली."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "मग तुमच्या मते ह्या कॉलेजात अर्धवेळ कोण?"

मुलांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी शेवंतीला मागून ढोसलं. तिने एकदा नेरूरकर सरांकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. तिने अध्यक्षांना हात जोडले.

"सायबानू, अर्धवेळ आमचे प्रिन्सिपल सर! पण तेंका काढू नकात! जितके दिवस आसतत, तितके दिवस बरे शिकवतत!"