नव्या पोट्टीची आंघोळ

माय गेली तवा मी आठ-नऊ वर्साची असन. आमी दोघी नागपूरच्या टेसनामांगं मालधक्क्यापाशी राहत होतो. तवा इंजिनं कोळशावर चालत. इंजिनाची राख खड्ड्यात पडे, त्यातला अर्धा जळलेला कोळसा माय वेचे अन् सीताबर्डीच्या हॉटेलवाल्याइले विके. मंग तिले ताप आला. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथून मी एकटीच वापस आली. मायच्या लुगड्याचा एक तुकडा तेवढा माह्यापाशी राहिला.

धक्क्यावर एक वयानं मोठी पोट्टी होती. मी तिले मोठीच म्हनो. तिनं मले जवळ घेतलं. पयल्याच दिवशी राखेत हात घातला अन् माह्या तोंडाले, मानेले राख चोपडली.

"काहून वं?" मी म्हनलं.

"घान राह्य. घान पोट्टीले कोनी हात नाई लावत. वास आला पाह्यजे आंगाचा, समजली?" अन् हसे, "तू तर जलमाचीच काळी, तुले राख कमी लागते. माहंच नशीब खोटं."

पान्यात भिजली तरी मी सुकल्यावर आधी राख लावो, मंग खायाचं पाहो.

एक बाई धक्क्यावर येऊ लागली. तोंडात पान, हातात कोपरापोत हिरव्या बांगड्या. मोठीले जिलबी दे, बेटी-बेटी करे. एक दिवस तिनं मोठीले नळावर नेलं. वासाचं साबन लावलं, तेल घातलं, दोन वेण्या, लाल फीत, पावडर, नवं फराक. मोठी येवढी देखनी आहे हे मले त्याच दिवशी दिसलं. टांग्यात बसली, मले हात केला. वापस आली नाई. धक्क्यावरचा चहावाला म्हने, "विकली तिले. वाट नको पाहू."

तवापासून साबनाचा वास आला का मी नाक दाबून दूर पळो.

पुढं माह्या पायात खिळा घुसला, पाय सुजला, चालता येईना. दोन बाया अन् एक पोलीस आला, मले उचलून रिक्षात घातलं. सीताबर्डीच्या मांगच्या गल्लीत एक घर होतं, तिथं रस्त्यावरच्या पोरी ठेवत. ते घर चालवनाऱ्या मोठ्या बाई होत्या, अन् सैपाकाले एक म्हातारी. तिले सगळ्या आजी म्हनत. त्या घराची रीत अशी का नवी पोट्टी आली का आधी तिची आंघोळ. मंग तेल-फनी, लाल फीत, नवं फराक, अन् पाटावर बसवून गोड घास. ते कौतुक होतं त्याइचं. पन हे मले कोन सांगन?

मले न्हानीत नेलं. बाहेरून कडी लावली, नव्या पोट्ट्या पळत म्हनून. आत आजी अन् मी. तिनं साबन काढलं. तोच वास. मी किंचाळली, तिच्या हाताले चावली, रगत निघालं. आजी म्हने, "चाव बाई, चाव. म्हातारीचं मास चिवट असते, दात पडन तुहा." अन् घासतच राहिली. काळं पानी मोरीतून गेलं तसा माहा जीव गेला.

आंघोळीनंतर तिनं माह्या पायाले हळद बांधली. मायच्या लुगड्याचा तुकडा धुतला अन् मागच्या अंगनात तारेवर टाकला. मले पाटावर बसवलं. लाल फीत बांधली. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातले एक शेठ आले. घराले धान्य देत असत, हे मले मंग समजलं. मोठ्या बाई म्हनल्या, "आजच आली ही." शेठनं मले खालून वर पाह्यलं अन् म्हनलं, "छान झाली आता."

मले वाटलं, झाला सौदा.

मी सैपाकघरातून, लाकडाच्या खोलीतून, लंगडत पळाली. टेसनावर पोचली तवा दिवस कलला होता. चहावाल्यानं मले ओळखलं नाई. "कोनाची पोरगी वं तू?" म्हने. ज्या मानसाइनं मले कधी पाह्यलं नाई ते आता पाहून राहिले होते. आंगावर राख नव्हती. मले उघडी असल्यावानी वाटे.

मांगून कोनी मनगट धरलं. हिरव्या बांगड्या.

"अवो माय! तू तेच नं, मोठीसंगची? कोनं चमकवलं तुले येवढं?" पान चघळत ते बाई म्हने. "मोठी तुही आठवन करून राहिली. चाल, टांगा उभाच आहे."

"मंग ते काहून नाई आली?"

"तिले कामं आहेत. जिलबी खाशीन?"

मोठीचं नाव घेतलं अन् माहे पाय तिच्यासंग चालाले लागले. खरं सांगतो, मी चालली. टांग्यापाशी तिनं माहं तोंड वर केलं, डाव्या-उजव्या बाजूनं पाह्यलं, जसं बजारात वांगं पाह्यतात. तवा मले मायचा तुकडा आठवला. तो तारेवर राहिला. मले विकलं तर तो तिथंच राहीन. मी तिच्या हाताले हिसका देला अन् राखेच्या खड्ड्यात उडी घातली. राख गरम होती. ते बाई काठावर उभी राहिली, लुगडं भरन म्हनून उतरली नाई. पिचकन थुकली. "जाशीन कुठं वं? पोटच आनीन तुले माह्यापाशी."

मी तोंडाले, केसाले, फराकाले राख फासली. धक्क्याच्या पलीकडून निघाली.

तुकडा काढाचा अन् पळाचं, येवढंच मनात होतं. त्या घराच्या मागच्या अंगनात शिरली. तुकडा हातात घेतला अन् पाह्यलं तर आजी चुलीपाशी, हाताले चिंधी बांधून, भाकर थापून राहिली.

"कोन आहे? चावाले आली का जेवाले?"

मी हलली नाई.

ते उठली नाई. भाकर अन् बेसनाचं चून ताटलीत घातलं, ताटली उंबऱ्यावर सरकवली. "पानी तापवू?"

"नाई."

"बरं."

खाता खाता तिनं ईचारलं, "काहून पळाली वं?" मी सांगतलं. मोठी, साबन, फीत, टांगा, शेठ. तव्यावरची भाकर जळली.

तिनं मोठ्या बाईले सांगतलं. दुसऱ्या दिवशी सुतार आला. न्हानीची बाहेरची कडी काढली अन् आतून लावली. मले कोनी हात लावला नाई. मी तशीच काळी, उंबऱ्यापाशी, तुकडा उशाखाली घेऊन झोपो. गल्लीत टांगा वाजला का उठून बसो. पोट्ट्या नाक धरत, म्हनत, "इंजिन आलं वं, इंजिन."

मंग एक दिवस आंग लय खाजाले लागलं. बादलीत गरम पानी होतं. मी साबन बाहेर ठेवलं, एकटीच आत गेली, कडी लावली. हलवून पाह्यली. आंघोळीले बसली. उठून अजून एकदा हलवून पाह्यली.

बाहेरून, लय दुरून, चुलीपासून आजी म्हने, "पानी थंडं होऊन राहिलं वं पोट्टे."