बऊबाजारची वाटी

कलकत्त्यात सॉल्ट लेकला माझ्या शेजारी एक काकू राहायच्या. नवरा बँकेत, लेक कॉलेजात, दुपारी घरात त्या एकट्या. बदलीच्या सामानात त्यांच्या मंगळसूत्राची माहेरची वाटी हरवली, म्हणून मी त्यांना बऊबाजारातल्या एका सोनाराकडे घेऊन गेले. त्या बिचाऱ्याने आपल्याकडच्या वाट्या कधी घडवल्या नव्हत्या. त्याने केली ती चांगली खोल, वर काठाला बारीक शंखांची नक्षी. शेजारी सासरची वाटी अगदीच चपटी दिसायला लागली. मी त्याच्यावर उखडले, ही वाटी आहे की घमेलं? काकू मात्र हसत सुटल्या. "राहू दे गं. आता माझं माहेर कलकत्ता."

वर्षभरातच पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला म्हणून आलेल्या माणसाने काकूंचा गळा आवळला. त्याआधी अशाच भर दुपारी आणखी दोन एकट्या बायका गेल्या होत्या. संशयावरून एकाला धरलं, त्याच्या खोलीत काकूंच्या मंगळसूत्रासकट दागिनेही सापडले, पण तो मेला म्हणतो कसा, सगळं बाजारातून घेतलंय. त्याला येता-जाता कुणी पाहिलं नव्हतं. हा सुटला तर पुन्हा कुणाची तरी बेल वाजवणार, या विचाराने माझं डोकं फिरायचं.

मंगळसूत्र दाखवण्याआधीच मी पोलिसांना दोन्ही वाट्यांचं वर्णन सांगितलं होतं. तरी कोर्टात त्याच्या वकिलाने गोड आवाजात विचारलंच, काळे मणी तर कुठल्याही दुकानात मिळतात ना? माझं तोंड शाबूत होतं.

"मणी मिळतील," मी हिंदीत म्हणाले. "ही वाटी मिळणार नाही. हिच्यासाठी मी भांडलेय."

माझ्यामागून साक्षीला सोनार उभा राहिला. त्याने आपलं काम ओळखलं, मला ओळखलं, आणि माझं भांडणही जसंच्या तसं सांगितलं. मग उरलेल्या दोघींचे दागिनेही त्यांच्या घरच्यांनी ओळखले. तिन्ही खुनांत तो दोषी ठरला, जन्मठेप झाली. कुणाच्या शिक्षेचा इतका आनंद व्हावा का? झाला बाई. अगदी मनापासून झाला.

मंगळसूत्र कोर्टातून रीतसर परत मिळालं. काकूंच्या लेकीच्या लग्नात नातेवाईक कुजबुजले, ते अशुभ आहे, निदान ती वाटी तरी वितळवा. लेकीने कुणाचं ऐकलं नाही. तिच्या नवऱ्याने ते तिच्या गळ्यात बांधलं आणि मी मणी सारखे करायला वाकले.

"घमेलं नीट दिसू दे, ताई," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे."