दिव्याआधी वास

माझ्या सासूबाईंचं नाक कोरोनात गेलं ते परत आलंच नाही. ताप उतरला, खोकला थांबला, अंगात ताकदही आली; पण फोडणी, मोगरा, करपलेलं दूध, सगळे वास एकदम पुसले गेले. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. अजून तरी आलेला नाही.

त्यांना मी आत्या म्हणते. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडे पद्धतच आहे. आमचं घर रहिमतपूरच्या बाहेर, उसाच्या रानाला लागून. नवरा साताऱ्याला कारखान्यात पाळ्या करतो, मी इथल्या शाळेत शिकवते आणि सासरे, म्हणजे आबा, फौजेतून रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी घराला पलटणच समजतात. त्यांनी एके सकाळी चहाबरोबर ऑर्डर सोडली.

"गॅस गळला तर तुला कळायचं न्हाई. उद्यापासनं शेगडीजवळ जायचं न्हाई."

नवऱ्याने लगेच री ओढली. इंडक्शन आणू, देव्हारा हॉलमध्ये हलवू. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातच, ओट्याच्या शेजारी जमिनीलगत आहे. रोज दिवेलागणीला आत्या तिथे पाटावर बसून काडी ओढतात. गळलेला गॅस खाली बसतो आणि काडीही खालीच ओढायची. तेव्हा बापलेकांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. राग आला तो त्यांच्या सांगण्याच्या तऱ्हेचा. जिच्याबद्दल बोलत होते, ती समोरच उभी राहून त्यांना चहा वाढत होती.

"देव काय टीव्हीपुढं बसवायचं व्हय?" आत्या म्हणाल्या. "आन् मी काय सोफ्यावर बसून भिताडं मोजू? नाक गेलंय माजं, हात न्हाई गेलं. मार्गशीर्ष सरू द्या. तवर काय वंगाळ झालं तर मी आपणहून उठीन."

झालं, मुदत ठरली. ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांना जेवू घातलं, तिचं स्वयंपाकघर आता महिन्याभराच्या परीक्षेवर आलं. मला तर वाटलं, आता या धसका घेणार. पण आत्यांनी पदर खोचला आणि कामाला लागल्या. नायलॉनच्या साड्या ट्रंकेत गेल्या, सुती बाहेर आल्या. कढईचा दांडा ओट्याबाहेर आलेला दिसला की माझ्या हातावर चापट बसायची. मोहरीची तडतड ऐकून फोडणी व्हायची. शेगडी पेटती असली की दारात कुणी का येईना, त्या जागच्या हलायच्या नाहीत.

आणि दिवा. दिव्याआधी मागचं दार सताड उघडायचं, शेगडीच्या चाव्यांवरून हात फिरवायचा आणि मग हाक मारायची, "कोण हाय का? जरा वास घ्या!" मी घरात असले तर मी ओट्याखाली वाकून मांजरासारखी हुंगायची. मी नसले तर शेजारीण, दूधवाला, कुणीही. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी आत बोलावलं. "दादा, जरा वास घ्या आन् मग जावा." तो बिचारा बूट काढून आला, त्यानं हुंगलं, "भाजीचा वास छान येतोय मावशी," म्हणाला आणि चहा घेऊन गेला. मला हसू आवरेना. पण त्याहून जास्त कौतुक वाटलं. आपल्याला एक गोष्ट येत नाही, हे दारावर आलेल्या परक्या माणसाला इतक्या सहज सांगणं मला जमलं नसतं. मी चष्म्याचा नंबर वाढला तरी चार महिने लपवते.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार उजाडला. संध्याकाळी सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. थंडी म्हणून दारं-खिडक्या बंद होत्या. नैवेद्याच्या खिरीचं दूध शेगडीवर होतं. आणि एक सवाष्ण वेळेच्या आधीच येऊन उंबऱ्यात उभी राहिली. मार्गशीर्षातल्या गुरुवारी दारात आलेली सवाष्ण म्हणजे साक्षात लक्ष्मी. तिला "थांब गं, दूध उतू जाईल" असं आमच्या भागातली बाई म्हणूच शकत नाही. महिनाभर पाळलेला नेम आत्यांनी तेव्हा मोडला. कुंकू लावायला बाहेर गेल्या, तिच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी झाली आणि बोलण्यात वेळ गेला.

परत आल्या तर दूध उतू गेलेलं, आच विझलेली, चावी उघडी. त्यांनी चावी बंद केली. पण गॅस किती साठलाय, हे कळायला नाक कुठं होतं? मी फुलं आणायला बाजारात गेले होते. तेवढ्यात आबा आत आले.

"काय वास न्हाई," त्यांनी सांगून टाकलं. "लाव दिवा. बाया याय लागल्या."

"तुमचं नाक सकाळपासनं वाहतंय," आत्या म्हणाल्या. "तुमचं आन् माजं नाक आज सारकंच हाय."

अंधारून आल्यामुळे दिसेना म्हणून आबांचा हात विजेच्या बटणाकडे गेला. आत्यांनी मनगट घट्ट धरलं. "आवं, ठिणगी पडंल! काय बी दाबू नगा." मग मागचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या आणि आबांना हाताला धरून अंगणात आणलं.

मी आले तेव्हा सगळ्या सवाष्णी अंगणात कुडकुडत उभ्या होत्या. देव अंधारात ठेवल्याबद्दल एकीची कुजबुज चालू होती. आत्या पायरीवर बसून होत्या; दारात आलेल्या लक्ष्मीला गॅस हुंगायला कसं धाडायचं, म्हणून त्यांनी कुणालाच आत सोडलं नव्हतं. "वास घे गं," एवढंच म्हणाल्या. मी मागच्या दारापाशी गेले. सगळं उघडून इतका वेळ झाला होता, तरी वास नाकात भसकन शिरला. आबांचं ऐकून त्यांनी पाटावर बसून काडी ओढली असती तर, हा विचार मनात आला आणि मला रडूच फुटलं. बऱ्याच वेळाने मी पुन्हा वाकून हुंगलं, पुन्हा एकदा, आणि मग "लावा" म्हणाले. त्या दिवशी आमच्या घरची लक्ष्मी उशिरा जेवली.

नवरा घरी आल्यावर हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. मी तर गप्पच बसणार होते. पण आत्यांनीच सगळं सांगितलं, शेगडी पेटती सोडून त्या स्वतः दारात गेल्या इथपासून.

"बघ, मी म्हणत होतो," तो म्हणाला. "आई, बास झालं आता. तुला भीती नाही वाटली?"

"भ्याले की. लय भ्याले," आत्या म्हणाल्या. "भ्याले म्हणूनच काडी वडली न्हाई. आता भ्याचं तूच काढलंस, तवा ऐक. ज्या दिवशी मला ह्या शेगडीचं भ्या वाटायचं न्हाई, त्या दिवशी मला हितनं उठव. मी इचारणार बी न्हाई का म्हणून."

नवरा आबांकडे बघू लागला. आबा ताट ओढून घेत म्हणाले, "माज्याकडं काय बघतुयास? मी दिवा लाव म्हणालो व्हतो. तिनं ऐकलं न्हाई, म्हणून आज तुला आई-बाप दोनी हायती."